टोटल रनांवर स्प्रेड बेटिंग : आठ महिन्यांचा अनुभव

मी इंग्लंडात लेस्टरला राहतो. एप्रिलमध्ये अकाउंट उघडलं, आता डिसेंबर चालू आहे, पूर्ण सीझन वापरून झालाय म्हणून सविस्तर लिहितोय.

मॅच कोण जिंकतंय याच्याशी इथे देणंघेणं नाही. कंपनी एक रेंज देते, तिलाच कोट म्हणतात, समजा टी-ट्वेंटीच्या इनिंगला १६२-१६८. जास्त रन होतील वाटलं तर १६८ ला बाय करायचं, कमी वाटलं तर १६२ ला सेल, आणि एका रनला किती पाउंड ते आपण ठरवायचं. माझं पहिलंच बेट १६८ ला बाय, रनाला १ पाउंड, टीमने १९१ केले, २३ पाउंड मिळाले. १६५ वर इनिंग संपली असती तर बाय करणारा ३ हरला असता आणि सेल करणारापण ३ हरला असता, मधली फट ही कंपनीची कमाई.

साध्या बेटमध्ये १० लावले तर १०च जातात, इथे किती चुकलात त्यावर रक्कम ठरते आणि हे मला वाचून नाही, जुलैमध्ये कळलं. वनडेचा कोट २८५-२९५ होता, पिच स्लो वाटलं म्हणून २८५ ला सेल केलं रनाला २ पाउंडने, पस्तीस ओव्हरपर्यंत सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं आणि मग शेवटच्या दहा ओव्हरमध्ये धुलाई झाली, ३५६. म्हणजे ७१ रन चुकलो, १४२ पाउंड गेले. अंदाज फार मूर्खपणाचा नव्हता पण टोटल वर कुठपर्यंत जाईल याला छप्पर नाही, खाली मात्र शून्याची जमीन आहे, त्यामुळे सेल करणाऱ्याची जास्तीत जास्त कमाई आधीच ठरलेली असते आणि तोटा मोकळा सुटलेला. फुटबॉलमध्ये हे अजून स्पष्ट दिसतं. गोल २.६-२.९, गोलाला १० पाउंडने सेल केलं तर ०-० झाल्यावर २६ मिळणार, त्याहून जास्त कधीच नाही. ४-३ झालं की ४४ गेले.

बाय करणाऱ्यानेही निश्चिंत राहू नये. २०१५ ला ट्रेंट ब्रिजवर ऑस्ट्रेलिया पहिल्या सकाळीच ६० वर ऑलआउट झाली होती, ब्रॉडच्या ८ विकेट. समजा कोणी २९० ला बाय करून बसला असेल तर रनाला १ पाउंडनेसुद्धा २३० गेले, तेही लंचच्या आधी.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे मध्येच बाहेर पडता येतं. १६८ ला घेतलं, पॉवरप्लेनंतर कोट १८१-१८७ झाला तर १८१ ला विकून १३ रन खिशात, पुढे काही होवो. फक्त विकेट पडली की कोट गायब होतो आणि परत येतो तेव्हा बराच खाली आलेला असतो, त्यामुळे घाबरून विकायचं ठरवलं तरी हवा तो भाव मिळत नाही. याचा मला फार राग यायचा.

फुटबॉलमधल्या कार्डांचा मार्केट वेगळा आणि गमतीचा, पिवळ्याला १० पॉइंट, लाल २५, एका खेळाडूचे जास्तीत जास्त ३५. त्यात मी रेफ्री कोण आहे ते बघूनच घेतो.

इथे या धंद्यावर जुगाराच्या कमिशनऐवजी एफसीएचं, म्हणजे आर्थिक व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या संस्थेचं नियंत्रण आहे. जिंकलेल्यावर टॅक्स नाही, पण हरलेले पैसे हे कायद्याने वसूल होणारं देणं आहे, अकाउंटमधले संपले म्हणून सुटका नाही. पुण्याचा मावसभाऊ सारखा विचारतो मी पण करू का, त्याला स्पष्ट नाही म्हटलं, भारतात २०२५ च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर बंदी आहे.

आठ महिन्यांचा हिशोब वहीत लिहिलाय, एकूण ८७ पाउंड खाली आहे. त्यात जुलैचं ते एकच बेट काढलं तर ५५ पाउंड फायद्यात असतो, म्हणून ऑगस्टपासून रनाला ५० पेन्सच्या वर जात नाही, प्रत्येक सेलला स्टॉप लॉस, म्हणजे तोट्याची आधीच ठरवलेली मर्यादा, लावतो आणि वनडेच्या टोटलवर सेल करणं पूर्ण बंद केलंय.