गाडी ताईंची, धडक दुसऱ्याची, ओटीपी तिसरीकडेच

गाडीच्या विमा कंपनीकडून क्लेम घेण्याच्या अनुभवाला पाचपैकी तीन तारे. त्यातला दीड सर्व्हेअरचा, म्हणजे नुकसान बघायला येणाऱ्या माणसाचा, एक गॅरेजचा आणि उरलेला अर्धा हेल्पलाइनवरच्या एका मुलीचा. अ‍ॅपला शून्य. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण क्लेम माझ्या नणंदेच्या, म्हणजे ताईंच्या, नावावर आहे आणि त्याचं शेपूट अजून अडकलेलं आहे.

मी शिवणकाम करते. मोठं मशीन दुरुस्तीला न्यायचं होतं, ते आमच्या गाडीच्या डिकीत मावेना, म्हणून ताईंची गाडी मागून घेतली. येताना सिग्नलला उभी होते. पूर्ण उभी, पाय ब्रेकवर. मागून एक व्हॅन आली आणि आदळली. माणूस सभ्य होता, उतरून म्हणाला, "सॉरी, माझंच चुकलं." मी म्हटलं, एवढं कागदावर लिहून द्या. तिथे मात्र त्याने हात आखडला. तेव्हा राग आला होता. नंतर ताईंची पॉलिसी वाचली तर तिच्यातही तीच अट निघाली: कंपनीला विचारल्याशिवाय चूक कबूल करायची नाही. तिथे त्याने लिहून दिलं नाही, म्हणून मी गाड्या हलवायच्या आधी फोटो काढले. दोन्ही नंबरप्लेट, लाल सिग्नल, गाडी पट्ट्याच्या मागे उभी असलेली, त्याच्या विम्याचा कागद. शेजारच्या गाडीत डॅशकॅम होता, त्या बाईंचा नंबरही घेतला. पुढे तोंडी कबुलीला कुणी विचारलं नाही, हे फोटो आणि ती क्लिपच कामाला आली.

माझी समजूत अशी की चूक त्याची, तर पैसे त्याच्या कंपनीकडून मागायचे, ताईंच्या पॉलिसीला हात कशाला लावायचा? तसं करून पाहिलं. तिकडून उत्तर आलं, "आमच्या ग्राहकाने अजून अपघात कळवलेला नाही." तो कळवेपर्यंत आपण ताटकळायचं. इकडे आपल्या कंपनीलाही लवकर कळवावं लागतं, उशीर झाला तर त्यांच्या हाती आयतंच कारण. दोन दिवस थांबून ताईंच्या पॉलिसीवर क्लेम टाकला.

आता अ‍ॅप. ज्याने बनवलं त्याने आयुष्यात कधी कुणाला गाडी उसनी दिली नसावी. अपघात पाहिला मी, फोटो माझ्या फोनमध्ये, गाडी माझ्या दारात, आणि ओटीपी जातो ताईंच्या मोबाइलवर. दर पायरीला नवा. ताई ऑफिसात.

"ताई, एक नंबर आला असेल बघा."

"अगं, मीटिंगमध्ये आहे, दहा मिनिटांनी सांगते."

दहा मिनिटांनी तो नंबर बाद झालेला असतो. एका फोटोसाठी हे तीनदा झालं. शेवटी रात्री त्यांच्याकडे जाऊन बसले, दोन फोन शेजारी ठेवले आणि तासाभरात काम उरकलं. गाडी उसनी असेल तर पहिल्या दिवशीच असं करा, आमचे चार दिवस यातच गेले.

फॉर्ममध्ये प्रश्न असतात: चालक मालकाचा कोण, परवानगीने चालवत होता का, परवाना चालू आहे का. यात लपवण्यासारखं काही नसतं. विमा गाडीचा असतो, त्यामुळे मालकाच्या परवानगीने परवानाधारक माणसाने चालवली तर बहुतेक वेळा चालतं. मात्र पॉलिसीत ठराविक चालकांचीच नावं असतील तर नाही. ताईंनी चार ओळींचं परवानगीपत्र दिलं. पुढचा प्रश्न होता, "वापराबद्दल मालकाला मोबदला दिला का?" मी अडले. गाडी घेताना टाकी भरून दिली होती ना! हेल्पलाइनला फोन केला. ती मुलगी क्षणभर गप्प, मग हसू दाबत म्हणाली, "मॅडम, त्यांना भाड्याने दिली होती का एवढंच कळायला हवंय." तिनेच पुढे सांगितलं की नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणाऱ्या सवलतीचं, लेखी विचारून ठेवा, फोनवर प्रत्येक जण वेगळं सांगेल.

आणि सांगितलंच. माझ्या जिवाला खरी टोचणी तीच होती. ताईंनी कित्येक वर्षं क्लेम न घेता नो क्लेम बोनस जमवलेला, आणि तो जाणार माझ्या मशीनपायी. कंपनी आधी दुरुस्तीचे पैसे देते, मग ताईंच्या जागी उभी राहून समोरच्या कंपनीकडून ते वसूल करते. तोवर क्लेम उघडा दिसतो. चूक कुणाची याच्याशी बोनसला देणंघेणं नाही. कंपनीचा पैसा गेला आणि परत आला नाही, एवढंच तो पाहतो. एकाने सांगितलं बोनस जाईल, दुसऱ्याने जाणार नाही, तिसऱ्याने मला पॉलिसी नंबर विचारला. ईमेलला नवव्या दिवशी उत्तर आलं: वसुली पूर्ण झाली तर परत लागू होईल.

आधी अ‍ॅपवरच्या फोटोंवरून अंदाज आला होता: बंपर रंगवा, संपलं. बाहेरून खरंच तेवढंच दिसत होतं, दोन ओरखडे आणि एक खळगा. पण डिकी लावताना उजवीकडे घासत होती. कपड्याचा बाहेरचा भाग ठीक दिसला तरी शिवण एका बाजूला ओढत असेल तर अस्तर फाटलेलं असतं, हे मला कळतं. म्हणून सर्व्हेअर प्रत्यक्ष यायलाच हवा असा हट्ट धरला. आला तो पुठ्ठा अंथरून सरळ गाडीखाली गेला. गॅरेजवाल्याला म्हणाला, "बंपर काढा, मग बोलू." प्लास्टिक दाबलं जाऊन परत आकाराला आलं होतं, पण आतली लोखंडी पट्टी वाकलेली, तिच्यावरचा फोम चुरडलेला, स्टेपनीच्या खाचेपाशी तळाच्या पत्र्याला घडी पडलेली. पुन्हा धडक बसली असती तर ती झेलायला आत काही उरलंच नव्हतं. पहिला आकडा मान्य करून "हिशेब मिटला" असं लिहून दिलं असतं तर हे सगळं ताईंच्या माथी पडलं असतं.

गॅरेजने काम नीट केलं, जुने भाग काढून दाखवले, पार्किंग सेन्सर आमच्यासमोर तपासून दिले. एकूण सोळा दिवस. बदली गाडी मिळाली, पण क्लेम मंजूर झाल्यापासून, अपघातापासून नाही. मधल्या दिवसांचं ताईंचं टॅक्सीचं भाडं मी दिलं, सुरुवातीची कपातही, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चातला आपणच भरायचा पहिला हिस्सा, मीच भरली. त्यांनी नको नको म्हटलं, मी ऐकलं नाही. दोन्हींच्या पावत्या वसुलीच्या फायलीत जोडल्या आहेत. मशीनचं हातचाक तुटलं, ते गाडीच्या विम्यात बसत नाही, त्यासाठी व्हॅनवाल्याच्या कंपनीला वेगळं पत्र लिहिलंय. पोच आली, पैसे नाहीत.

नव्या बंपरचा रंग उन्हात किंचित पिवळसर मारतो. ताईंना तो दिसत नाही. मी दिवसभर कापडाला धागा जुळवते, मला दिसतो. गॅरेजवाल्याने एकदा बघितलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "शनिवारी आणा."

ओटीपीसाठी ताईंनाही बरोबर नेणार आहे.