आधी मोतीबिंदू की आधी रंगकाम?

डॉक्टर म्हणतात, "मोतीबिंदू झालाय, घाई नाही, पण सोयीने काढून घ्या." ही सोय कधीची, ते घरच्यांनी ठरवायचं असतं. नेमकं त्याच वेळी घराला रंग काढायचं घाटत असतं, नाहीतर बाथरूमची फरशी उखडायची असते, नाहीतर दिवाळीआधी माळा उपसायचा असतो. दोन्ही पुढे पुढे ढकलत एकाच महिन्यात येऊन आदळतात.

यातून सुटायच्या तीन वाटा आहेत: घराचं काम आधी उरकून मग ऑपरेशन, ऑपरेशन आधी करून मग काम, किंवा एक डोळा झाल्यावर दुसरा व्हायच्या आत काम. आमच्या घरात आणि आसपास या तिन्ही वाटांनी गेलेली माणसं आहेत. माझा कौल आधीच सांगून टाकते: तोडफोड आधी, ऑपरेशन मध्ये, रंग शेवटी. तिसरी वाट मी कोणाला सुचवणार नाही.

आधी दोन जुन्या समजुती बाजूला करू, कारण अर्धं वेळापत्रक त्यांच्यामुळेच बिघडतं. पहिली, मोतीबिंदू 'पिकू' द्यायचा. मोठा छेद घेऊन, टाके घालून ऑपरेशन व्हायचं तेव्हाची ही गोष्ट. आता फेको पद्धतीत भिंगाचा चुरा करून तो ओढून घेतात, त्यामुळे फार पिकून कडक झालेला मोतीबिंदूच उलट त्रासाचा. दुसरी, ऑपरेशन थंडीतच करायचं. निर्जंतुक थिएटरला ऋतू नसतो. पावसाळ्याबाबत एकच सांगणं: तेव्हा डोळे येण्याची साथ असते, 2023 च्या पावसाळ्यात राज्यभर ती कशी पसरली होती ते आठवत असेल. घरात कोणाचे डोळे आले असतील तर तसं डॉक्टरांना सांगून तारीख पुढे घ्यायची. बाकी पावसात बाहेरची धूळ बसलेली असते, हा फायदाच.

डोळ्याचं गणित

फेकोचा छेद साधारण 2 ते 3 मिलिमीटरचा. शिबिरांत किंवा फार कडक मोतीबिंदूसाठी जी हाताने, लहान छेदातून करायची पद्धत वापरतात, तिच्यात तो 6 मिलिमीटरच्या आसपास असतो. दोन्हींत बहुतेक वेळा टाका नसतो, छेद आपला आपण मिटतो. घराच्या दृष्टीने फरक इतकाच की दुसऱ्या पद्धतीत डोळा निवळायला आणि नंबर स्थिरावायला थोडा जास्त वेळ द्यावा लागतो. कुठल्या पद्धतीने होणार आहे, हे गवंड्याला तारीख देण्याआधी विचारून ठेवा.

पहिला आठवडा सगळ्यात नाजूक. जंतुसंसर्ग व्हायचाच असेल तर बहुधा याच दिवसांत डोकं वर काढतो. रात्री डोळ्यावर झाकण, डोळा चोळायचा नाही, अंघोळ गळ्याखालून. केस धुवायचेच असतील तर पार्लरमध्ये धुतात तसे मान मागे टाकून, आणि दुसऱ्या कोणीतरी. थेंब साधारण चार ते सहा आठवडे, हळूहळू कमी होत जाणारे. चष्म्याचा नवा नंबरही त्याच सुमारास निघतो. म्हणजे घराच्या कॅलेंडरवर एका डोळ्यासाठी दीड महिना धरा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आणण्याचा वेळ त्याच्याही आधीचा.

हा दीड महिना पलंगावर काढायचा नाही. दुसऱ्या दिवसापासून चहा करता येतो, टीव्ही बघता येतो, पेपर वाचता येतो, डोळ्याला त्याने काही होत नाही. टीव्ही बंद ठेवून माणसाला अंधाऱ्या खोलीत बसवणारी घरं अजून आहेत, त्यांची मला कमाल वाटते. जपायचं ते धुळीला, पाण्याला, जड उचलण्याला आणि खाली वाकून जोर लावण्याला. घरातलं कुठलंही काम या चारांवर तोलून बघा, निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.

काम आधी उरकलं तर

तोडफोडीच्या कामांना हीच वाट बरोबर. फरशी काढणं, टाइल्स कापणं, भिंत फोडणं, गच्चीचं वॉटरप्रूफिंग. कटरची धूळ एका खोलीत राहत नाही. दाराला ओलं पोतं लावा, फटींना टेप मारा, संध्याकाळी देवघरातल्या निरांजनावर बोट फिरवलं तर पांढरं येतंच. त्यात सिमेंट असतं, आणि सिमेंट, चुना, पुट्टी हे सगळं डोळ्याला नुसतं खुपत नाही, भाजतं. (चुकून ताज्या ऑपरेशनच्या डोळ्यात गेलंच, तर 'डोळ्यात पाणी नको' हा नियम त्या क्षणी बाजूला ठेवायचा. स्वच्छ पाण्याने लगेच, भरपूर वेळ, दाब न देता धुवायचं आणि तसंच डॉक्टरांकडे जायचं.)

अडचण अशी की गवंड्याचे आठ दिवस कधी आठ नसतात. काम लांबलं की ऑपरेशन लांबतं, आणि तोवर अंधुक दिसणारा माणूस राडारोड्यातून, उघड्या वायरींतून, ओल्या लादीवरून ये-जा करत असतो. मोतीबिंदू पुढे गेलेला असेल, पायऱ्या चुकत असतील, रात्री समोरच्या गाडीचे दिवे डोळ्यांसमोर पसरत असतील, तर ही वाट बंद समजा. पडून मांडीचं हाड मोडलं तर रंगकामही गेलं आणि ऑपरेशनही.

मोतीबिंदू सुरुवातीचा असेल आणि काम ठेकेदाराने एकहाती उचललं असेल, तर मात्र खुशाल काम आधी करा. राडारोडा गेल्यावर घर दोनदा ओल्या फडक्याने पुसा, पंख्यांची पाती विसरू नका, आणि मग तारीख घ्या.

ऑपरेशन आधी केलं तर

रंगासाठी ही वाट का, याचं कारण डोळ्यातच आहे. वय वाढतं तसं आपलं भिंग पिवळं, मग तपकिरी पडत जातं आणि निळा उजेड अडवतं. हे इतकं हळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. चित्रकार क्लोद मोने यांच्या उतारवयातल्या चित्रांत तांबडे-तपकिरी रंग दाटले होते, आणि 1923 मध्ये उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यावर सगळं निळसर दिसतं अशी त्यांची तक्रार सुरू झाली. आपल्याकडे हेच शेडकार्डावर घडतं. सासूबाईंचा एक डोळा झाल्यावर त्या हॉलच्या भिंतीसमोर उभ्या राहून आळीपाळीने एकेक डोळा झाकून बघत होत्या. "या डोळ्याने पांढरी, या डोळ्याने खव्यासारखी," म्हणाल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यामागच्या टाइल्सवरचे तेलाचे डाग बघून सुनेकडे, म्हणजे माझ्याकडे, वळल्या. तो भाग सोडा. पण मोतीबिंदूच्या डोळ्यांनी निवडलेला क्रीम रंग ऑपरेशननंतर भलताच दिसू शकतो, आणि तीनखोल्यांचा रंग काही ब्लाउजपीस नाही बदलून आणायला.

शिवाय रंगकामाला थांबता येतं. ओल आली तर भिंत थांबत नाही, पण रंग थांबतो.

दीड महिना उलटला, डॉक्टरांनी मोकळं केलं, तरी एक टप्पा जपायचाच: पुट्टी सुकल्यावर पॉलिश पेपर मारतात तो. पिठासारखी बारीक पूड हवेत तरंगत राहते, पंखा लावला की घरभर. पेंटरला सांगून घासकाम एका सलग दिवशी, सगळ्या खोल्यांचं एकदम करून घ्या आणि त्या दिवशी पेशंटला शेजारी किंवा बहिणीकडे पाठवा. प्रायमर आणि पुढचे हात त्यामानाने निरुपद्रवी, वास सोडला तर. ऑइलपेंट टाळता आला तर तोही टळतो.

दिवाळी गाठायची असेल तर मागून मोजा. दसरा ते दिवाळी पेंटर हाताला लागत नाहीत. पितृपक्षात मात्र पुष्कळ घरांत नवं काम काढत नाहीत, म्हणून तेव्हा ते मोकळे असतात आणि दरही जरा नरम असतो. पितृपक्षात रंग चालत असेल तर ऑपरेशन आषाढात किंवा फार तर श्रावणाच्या सुरुवातीला व्हायला हवं. मग गणपतीही निवांत होतात. फक्त मखराची चमकी आणि थर्माकोल कापणं नातवंडांकडे द्या.

दोन डोळ्यांच्या मध्ये

ही वाट कागदावर छान दिसते: एक डोळा झाला, दिसायला लागलं, उत्साह आला, दुसऱ्याला अवकाश आहे, चला माळा काढू. नेमका याच काळात अंदाज सगळ्यात जास्त चुकतो. एका डोळ्याचा नंबर गेलेला, दुसऱ्याचा जुनाच, आणि जुना चष्मा दोघांना मिळून कामाचा नाही. नंबर मोठा असेल तर फरक फारच जाणवतो. चहा कपाच्या बाहेर ओतला जातो, पायरी आहे त्यापेक्षा वर वाटते. अशा माणसाला स्टुलावर चढू देणं म्हणजे डोळा वाचवून कंबर घालवणं. या काळात बसून करायची कामं काढा: कागदपत्रांच्या फायली, जुने फोटो, भांड्यांच्या कपाटातलं काय ठेवायचं नि काय द्यायचं. तीही ओट्याच्या उंचीवर, जमिनीवर उकिडवं बसून नाही.

स्वयंपाकघर

रंगकामापेक्षा रोजची कामंच जास्त घात करतात, आणि ऑपरेशन घरातल्या बाईचं असेल तर दुप्पट, कारण ती बसत नाही. फोडणी दुसऱ्या दिवसापासून चालेल, पण मिरच्यांची नको, आणि झाकण हातात ठेवून. भरलेला सिलिंडर तीस किलोच्या घरात जातो, त्याला दोन-तीन आठवडे हात लावायचा नाही, तिरका करून लोटायचंसुद्धा नाही. पिंपातून पाण्याची बादली उपसणं, खाली बसून फरशी पुसणं, हाताने चादरी पिळणं, हेही त्यातच. बद्धकोष्ठ असेल तर इसबगोल सुरू करा, तिथेही जोरच लागतो.

उन्हाळ्यात ऑपरेशन असेल तर वर्षाचा मसाला आधी करून ठेवा किंवा त्या वर्षी विकत आणा. मिरच्या भाजणं, कांडपावर उभं राहणं, घरी आल्यावर तिखट चाळणं, यातलं काहीही दीड महिन्यात बसत नाही. कुरडया-पापडांना गच्चीतला वारा आणि ऊन लागतं, त्यामुळे तेही शेजारणीच्या वाट्याला.

थेंबांसाठी मात्र एक माणूस नेमाच. हात साबणाने धुऊन, बाटलीचं टोक पापणीला न लावता, दोन औषधांत पाच मिनिटं सोडून. पांढरट दुधी औषध असेल ते हलवून. रंगकाम चालू असताना हाताला पुट्टी लागलेल्या माणसाने घाईत थेंब घालणं, हे मी पाहिलेलं आहे आणि ते दृश्य पुन्हा बघायची इच्छा नाही.

दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, काल दिसत होतं त्यापेक्षा आज कमी दिसू लागलं, डोळ्यापुढे विजा चमकल्या किंवा पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर पेंटर, गवंडी सगळे सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. सकाळची वाट बघायची नाही.

आणि थांबताच येत नसेल तर

मे महिना, गच्ची गळतेय, पाऊस तोंडावर, आणि ऑपरेशनची तारीखही मोठ्या मुश्किलीने मिळालेली. किंवा लग्न घरात. तेव्हा दोन्ही एकदम होऊ द्या, पण पेशंट त्या घरात नको. पहिले दोन-तीन आठवडे लेकीकडे, भावाकडे, कुठेही. दुसऱ्या दिवसाची आणि आठवड्याची तपासणी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडेच होते, त्यामुळे ते घर दवाखान्यापासून रिक्षाच्या अंतरावर हवं. लेक दुसऱ्या गावी असेल तर आठवड्याच्या तपासणीपर्यंत इथेच कोणाकडे तरी सोय बघा आणि मग तिच्याकडे पाठवा, थेंबांचा कागद नि दवाखान्याचा फोन नंबर बरोबर देऊन.