आठ महिन्यांनंतर: सीडी प्लेअर, तारा आणि आमचं शोकेस

सेकंडहँड घेतलेला सीडी प्लेअर, तेरा किलोचं जपानी धूड. घरी आल्यावर पहिले दोन महिने मी त्यालाच दोष देत होतो. डग्गा नुसता घुमायचा, तानपुऱ्याच्या तारा एकमेकींत कालवल्यासारख्या. एकदा आवाज वाढवून शोकेसवर तळहात ठेवला, तर लाकूड थरथरतंय! स्पीकर त्याच शोकेसच्या खणांत कोंबलेले होते. ते बाहेर काढून स्टँडवर, भिंतीपासून दोन फूट पुढे आणले. हॉल निम्मा अडला, बायको आठवडाभर धुसफुसली, पण तानपुऱ्याच्या चारही तारा सुट्या ऐकू येऊ लागल्या. प्लेअरही जड फळीवर हलवला, पण त्याने वेगळा फरक पडला असं छातीठोकपणे म्हणवत नाही. किरकोळ चुका सीडीची यंत्रणा स्वतःच दुरुस्त करून घेते.

मग स्पीकरमधून सतत येणारी ती घूं. दुकानदार म्हणाला, पॉवर केबल बदला, अठरा हजार. घेतली. घूं तशीच. शेवटी टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्समागची केबलवाल्याची वायर उपसली आणि एकदम शांतता. अँप्लिफायर टीव्हीला जोडलेला, म्हणून ती ग्राउंड लूपची, म्हणजे उपकरणं दोन वाटांनी जमिनीशी जोडली गेल्याने होणारी घरघर. (अर्थिंगची पिन कापून घूं घालवायचा सल्लाही मिळाला होता. तसलं काही करू नका.) केबल परत करण्याआधी बायकोने मला न दाखवता दहा वेळा जुन्या-नव्या केबलची अदलाबदल केली. कुठली लावलीय, यावर माझी पाच उत्तरं बरोबर, म्हणजे निव्वळ नाणेफेक. दुकानदाराने दोन हजार कापून परत घेतली.

बॅलन्स्ड जोडणीने (तारेत बाहेरून शिरणारा गोंगाट रद्द करणारी) मात्र मी चांगलाच फसलो. तिची एक्सएलआर ही तीन पिनांची तार लावताच 'अरे वा!' झालं. माझ्या प्लेअरला आरसीए या नेहमीच्या साध्या जोडणीतून २ व्होल्ट येतात, एक्सएलआरमधून ४, म्हणजे आवाज ६ डेसिबलने मोठा. तेवढा कमी करून ऐकल्यावर 'अरे वा' गेलं. आमची तार जेमतेम मीटरभर. लांब असती तर गोष्ट वेगळी.

खरा त्रास जुलैत झाला. एसी बंद करून खिडक्या उघडल्या की प्लेअर 'नो डिस्क' म्हणायचा. मुंबईतल्या काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउस या दुकानातून, ते २०१६ मध्ये बंद व्हायच्या कितीतरी आधी घेतलेल्या सीडीसुद्धा वाचेना. लेन्स गेली म्हणून धसकाच घेतला. पण गार लेन्सवर दमट हवेचं बाष्प धरत होतं. आता पावसाळ्यात खिडक्या उघडल्यावर अर्धा-पाऊण तास नुसता चालू ठेवतो, मग डिस्क घालतो. तेव्हापासून एकदाही अडला नाही.