डिलिव्हरीच्या दिवशीचे पाच स्टार सोडा, सर्व्हिसचं बोला

बाईकच्या शोरूमला पाच स्टार देणारे बहुतेक लोक चावी हातात पडली त्याच दिवशी देतात आणि सगळा घोळ तिथंच आहे. त्या दिवशी वाईट वाटण्यासारखं असतंच काय, गाडी पुसून चकाचक, सेल्सवाला सर सर करत मागं-पुढं, फोटो तोच काढून देणार आणि वर म्हणणार, सर एवढा रिव्ह्यू टाका ना आत्ताच. मग काय, ‘एक्सलंट सर्व्हिस, स्टाफ खूप को-ऑपरेटिव्ह’. अरे बाबा, सर्व्हिस अजून झालीच कुठंय! म्हणून मी कुठल्याही डीलरचे रिव्ह्यू वाचताना पाचवाले सरळ सोडून देतो, दोन-तीन स्टारवाले वाचतो, त्यातही गाडी घेऊन वर्ष उलटून गेलेल्यांचे. हा रिव्ह्यूही त्यातलाच. साधी रोजच्या वापराची बाईक, वॉरंटी संपलेली, एक अधिकृत डीलर आणि दोन छोटी गॅरेजं वापरून झालेली. नावं घेत नाही, आणि नावावरून काही कळतही नाही, एकाच कंपनीच्या दोन डीलरमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो.

विक्रीबद्दल माझी फार तक्रार नाही. टेस्ट राइड दिली, घाई केली नाही, कोटिंग आणि ॲक्सेसरीजचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न झाला पण नको म्हटल्यावर विषय सोडला. खटकलं ते एवढंच की गाडी कधी बनलीये हे विचारल्यावर सेल्सवाला गोंधळला, ‘नवीनच स्टॉक आहे सर’ यापलीकडं गाडी जाईना. आता हे बघायला त्याची गरज पण नसते. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष, ३२२४ असेल तर २०२४ सालचा ३२वा आठवडा. दोन्ही टायरवर बघा, कारण कधीकधी कोड एकाच बाजूला पूर्ण लिहिलेला असतो आणि ती बाजू नेमकी भिंतीकडं असते. गोडाउनमध्ये महिनोन्‌महिने उभी राहिलेली गाडी काही लगेच वाईट होत नाही, पण बॅटरी चार्ज न करता तशीच पडून राहिली की तिचं आयुष्य कमी होतं, आणि हे तुम्हाला कळतं कधी तर सेल्फ मारल्यावर नुसतं टिकटिक वाजायला लागतं तेव्हा.

गाडी ताब्यात देण्याआधी जी तपासणी करायची असते, पीडीआय म्हणतात तिला, त्याच्या कागदावर सगळ्या चौकटीत टिकमार्क होते. आणि चेन बघितली तर वीणेच्या तारेसारखी ताणलेली. माझ्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये २० ते ३० मिलीमीटर ढिलाई लिहिलीये, तेच स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर पण छापलंय, इथं बोटानं दाबली तर जेमतेम हलत होती. हे किरकोळ वाटतं पण नाहीये. आपण गाडीवर बसलो की मागचं सस्पेन्शन दबतं, पुढच्या स्प्रॉकेटपासून (चेन फिरवणारं दातेरी चाक) मागच्या चाकाचं अंतर वाढतं आणि चेन अजून ताणली जाते, म्हणजे उभ्या गाडीवर जी घट्ट आहे ती माणूस बसल्यावर अतिघट्ट. तो सगळा ताण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. ढिली चेन निदान आवाज करून सांगते तरी, घट्ट चेन गुपचूप खात बसते. तिथल्या तिथं सांगितलं, पोरगा आला, त्यानं करून दिली, वाद नाही घातला, त्याबद्दल अर्धा स्टार जास्त. पण टिकमार्क करणाऱ्यानं चेनला हात तरी लावला होता का हा प्रश्न राहतोच.

आता मुद्द्यावर येतो, सर्व्हिस सेंटर. इथला सगळा खेळ जॉब कार्डवर, म्हणजे तक्रार आणि काम लिहितात त्या कागदावर आहे. तुम्ही तक्रार सांगता ती सर्व्हिस ॲडव्हायजरला, तो ती त्याच्या भाषेत दोन शब्दांत टाइप करतो, आणि आत गाडीवर काम करणारा माणूस तुम्हाला कधी भेटतच नाही, त्याच्या हातात पडतात ते हे दोन शब्द. मी सांगितलं होतं, हळू वेगात पुढचा ब्रेक मारला की हँडलमध्ये टक्‌ असं होतं, खड्ड्यात नाही होत, फक्त ब्रेक मारल्यावर. कार्डवर काय आलं? ‘पुढून आवाज’. संध्याकाळी गाडी घ्यायला गेलो तर उत्तर तयार, सर ट्रायल घेतली, काही नाहीये, या मॉडेलला सगळ्यांनाच थोडा असतो. आणि गाडी काय सुंदर धुतलेली राव! धुण्यात मात्र हयगय नाही, प्रेशर गनचा फवारा थेट चेनवर आणि चाकाच्या मधोमध, जिथं बेअरिंगचं सील असतं नेमकं तिथं.

सर्व्हिस झाल्यावर रेटिंगचा मेसेज येतो. दोन दिले. थोड्या वेळात फोन, सर काही प्रॉब्लेम आहे का. मला वाटलं चला ऐकतील, तर म्हणे सर पाच करा ना प्लीज, पाचपेक्षा कमी आलं की आमचं इन्सेंटिव्ह कापतात. टक्‌ आवाजाबद्दल चकार शब्द नाही. मला त्या पोराचा राग नाही आला खरं तर, पण अशा पद्धतीनं गोळा केलेले पाच स्टार बघून बाकीचे लोक गाडी टाकायला येतात ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

मग ओळखीतल्या एकानं सांगितलं म्हणून एका छोट्या गॅरेजवर गेलो. शटरएवढी जागा, आत एक वयस्कर मेकॅनिक आणि हाताखाली दोन पोरं. काकांनी पाना उचलायच्या आधी विचारलं, ब्रेक मारल्यावर येतो का खड्ड्यात? म्हटलं ब्रेक मारल्यावर. थांबल्यावर गाडी ब्रेक धरून पुढं-मागं हलवली तरी येतो? म्हटलं बघितलं नाही. लगेच मेन स्टँडवर घेतली, मागं एका पोराला बसवलं म्हणजे पुढचं चाक हवेत, आणि दोन्ही फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दांडे, खालून धरून पुढं-मागं ओढले. टक्‌. माझं एक बोट हँडलच्या खाली जिथं फोर्कचा वरचा भाग आणि चॅसिस जोडतात त्या फटीवर ठेवायला लावलं, तिथं ते हलणं सरळ बोटाला जाणवत होतं. कोन सेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, ढिला. सुरुवातीच्या काही किलोमीटरात बेअरिंग बसतं आणि नट परत आवळावा लागतो, पहिल्या सर्व्हिसलाच बघायचं काम हे. खड्ड्यात आवाज आला असता तर आधी फोर्क बघितले असते, आणि ब्रेकवरच पण कोन सेट बरोबर असता तर कॅलिपरमध्ये (डिस्क चिमटीत पकडणारा ब्रेकचा भाग) पॅड हलतायत का ते. म्हणजे मी सांगितलेलं ते वाक्य, जे कार्डवर ‘पुढून आवाज’ झालं, त्यातच अर्धं निदान होतं.

आणि पुढचं ऐका. काकांनी काम केलंच नाही. म्हणाले, भाऊ वॉरंटीत आहे ना, मग तिकडंच करून घ्या, फक्त असं स्टँडवर घेऊन त्यांच्यासमोर हलवून दाखवा, मग नाही म्हणता येणार नाही. एक पैसा घेतला नाही. तसंच केलं, ॲडव्हायजरला बाहेर बोलावलं, त्याचं बोट त्या फटीवर ठेवलं, चेहरा बघण्यासारखा होता. चहा पिऊन होईस्तोवर गाडी तयार.

पण म्हणून छोटं गॅरेज म्हणजे देवमाणूस असंही काही नाही हां. दुसऱ्या एका गॅरेजचा अनुभव सांगतो. इंजिनातून टॅपेटचा (व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग) आवाज येतोय थोडा, म्हटलं सेटिंग करून द्या. गरम इंजिनावर, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) न लावता, नुसतं कानानं ऐकत ऐकत त्यानं स्क्रू आवळले, आवाज एकदम बंद, मशीन कसं शिलाई मशीनसारखं चाललंय बघा म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लवकर सुरू होईना, सुरू झाली तर आयडलला बंद पडायची. टॅपेटमध्ये थोडी फट ठेवतात ती उगाच नाही, इंजिन तापलं की धातू प्रसरण पावतो, फट नसेल तर व्हॉल्व्ह आपल्या जागेवर पूर्ण टेकतच नाही. धुराच्या बाजूचा व्हॉल्व्ह तर त्या टेकण्यातूनच आपली उष्णता बाहेर टाकत असतो, टेकला नाही की कॉम्प्रेशन जातं आणि हळूहळू व्हॉल्व्ह जळतो. थोडा वाजणारा टॅपेट परवडला पण मुका टॅपेट नको. सेटिंग थंड इंजिनावर, गेज लावून, मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापानं, एवढं साधं आहे. नंतर काकांनी रात्रभर गाडी ठेवून घेतली आणि सकाळी करून दिली. त्याच दुसऱ्या गॅरेजात ऑइल ड्रेनचा बोल्ट लांब पाइप लावून आवळताना बघितला होता. ॲल्युमिनियमच्या चेंबरमध्ये स्टीलचा बोल्ट, असा आवळला की आटे गेलेच म्हणून समजा. आणि कारचं ऑइल टाकू का, चांगलं असतं, हे पण तिथंच ऐकलं. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या बऱ्याच ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, ती क्लच प्लेटला गेली की क्लच घसरायला लागतो. डब्यावर जासो (दुचाकीच्या ऑइलचं मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बघा, एमबी असेल तर ते ऑटोमॅटिक स्कूटरसाठी. त्या गॅरेजला एक स्टार, तोही हवा फुकट भरतात म्हणून.

सर्व्हिस सेंटरची बाजू पण सांगितली पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा चेक इंजिनचा दिवा लागला की काकांच्या हाती फार काही नसतं, तिथं स्कॅनर लागतो. माझा दिवा लागला तेव्हा सेंटरमध्ये एक तरुण टेक्निशियन भेटला (ॲडव्हायजर रजेवर होता, माझं नशीब). कोड आला ऑक्सिजन सेन्सरचा. मला वाटलं आता सेन्सर बदला म्हणणार. तो म्हणाला, सर कोड सर्किट सांगतो, खराब पार्ट सांगत नाही, आधी वायर बघू. सीटखाली कनेक्टरमध्ये पाणी जाऊन हिरवट गंज धरला होता, साफ केला, कोड पुसला, ट्रायल घेतली, संपला विषय. हा माणूस समोर उभा असता तर कोन सेटचं प्रकरण पहिल्या दिवशीच मिटलं असतं. म्हणून आता गाडी टाकताना मी हट्टानं सांगतो की काम करणाऱ्याला बाहेर बोलवा, एकत्र ट्रायल घेऊ. कधी ऐकतात, कधी ‘वर्कशॉपमध्ये परवानगी नाही’ची पाटी दाखवतात. कंपनीनं एखादा रिकॉल काढला असेल, म्हणजे दोष निघाला म्हणून गाड्या परत बोलावल्या असतील, तर ते कामही डीलरकडंच होतं, आणि ते फुकट असतं, चेसिस नंबर देऊन विचारून ठेवा.

बिलाबद्दल थोडक्यात. पॅड बदलले असं लिहिलं असेल तर जुने मागून घ्या, काम द्यायच्या आधीच सांगा, नंतर ते स्क्रॅपमध्ये गेलेले असतात. डिस्क बदलावी लागेल म्हणाले तर बहुतेक डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून दाखवा म्हणायचं. ब्रेक ऑइल दर सर्व्हिसला लागत नाही, पण अजिबात बदलायचं नाही असंही नाही, ते हवेतलं पाणी शोषतं आणि त्याचा उकळण्याचा बिंदू खाली येतो. डॉट ४ (टायरचा कोड नाही, ब्रेक ऑइलचा प्रकार) नवं असताना निदान २३० अंशाला उकळतं, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलतात. बॅटरी गेली म्हणाले तर मीटर लावून दाखवा, उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू करून रेस दिल्यावर साडेतेरा ते साडेचौदा दिसलं पाहिजे. रेस देऊनही आकडा वर चढत नसेल तर नवी बॅटरी टाकून काय उपयोग, ती पण उतरणारच, चार्जिंगमध्ये गडबड आहे.

वॉरंटीची भीती हा डीलरचा आवडता डायलॉग. बाहेर ऑइल बदललं तर वॉरंटी गेली वगैरे. यावर सगळीकडं एकच कायदा नाही, पण अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानं अशी सक्ती करायला मनाई आहे आणि २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं हार्ले-डेव्हिडसनला याच कारणावरून वॉरंटीच्या अटी बदलायला लावल्या. म्हणजे हा वाद एवढ्या मोठ्या कंपनीपर्यंत जातो. मी स्वतः वॉरंटी संपेपर्यंत सगळ्या सर्व्हिस डीलरकडंच केल्या, प्रेमानं नाही, शिक्के पूर्ण असले की क्लेमच्या वेळी भांडावं लागत नाही म्हणून.

तर डीलर: विक्री साडेतीन, सर्व्हिस दोन, त्या टेक्निशियनला एकट्याला पाच. काकांचं गॅरेज: साडेचार. अर्धा का कापला तर फोन उचलत नाहीत, बिल मागितलं तर वहीच्या कागदावर लिहून देतात, आणि ‘उद्या देतो’ म्हणाले की परवा धरायचं. सकाळी शटर उघडायच्या वेळेला गेलात तर नंबर लागतो, दुपारनंतर गाडी टाकायला जाऊच नका. पार्ट स्वतः आणलात तरी चालतो, लावून देतील, पण लेबर तेवढंच घेतील, त्यात घासाघीस करू नका, चिडतात.