आईसाठी घेतलेला ग्लुकोमीटर, दोन महिने वापरून

आईला मे महिन्यात शुगर निघाली, एचबीए1सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 8.2, डॉक्टर म्हणाले घरी शुगर मोजायचं मशीन ठेवा म्हणून इथे इंदूरला दवा बाजारातून ग्लुकोमीटर आणला. मशीन छान आहे, आकडे मोठे दिसतात, 5 सेकंदात रीडिंग येतं, आई आता स्वतःच करते. पण स्ट्रिप्स (रक्ताचा थेंब घ्यायच्या पट्ट्या, दर वेळी नवी लागते) महाग पडतात हो, घेताना आधी स्ट्रिपचा भाव विचारा, खरा खर्च तिथेच आहे.

पहिल्याच आठवड्यात एकदा 240 आलं आणि आम्ही सगळे घाबरलो, मग कळलं की आंबा कापून हात न धुताच टोचलं होतं! साबणाने धुऊन, नीट कोरडे करून परत केलं तर 152. आणि बोटाच्या मधोमध नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. लॅबपेक्षा 10-15 टक्के इकडेतिकडे येतं, तेवढं चालतं.

सगळ्यात कामाचं म्हणजे खाल्ल्यावर 2 तासांनी बघणं. पोहे-जलेबीनंतर 231, आणि थोडेच पोहे नि सोबत मोड आलेले मूग घेतले तर 168, हे डोळ्यांनी बघितल्यावर आईने जलेबी आपणहून सोडली, मला एका शब्दाने सांगावं लागलं नाही.

स्ट्रिपच्या डबीचं झाकण मात्र लगेच लावा, दमट हवेत खराब होतात.