वॉरंटीतली गाडी: सर्व्हिस सेंटरला काय द्यायचं, घरी काय करायचं (वर्षभराच्या वापरानंतर)

गाडी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल गिअर. वापर रोज शहरात आणि अधूनमधून घाटात. मत आधीच सांगतो: वॉरंटी आहे तोवर वेळापत्रकातली सर्व्हिस अधिकृत सेंटरलाच करावी. त्यावर जे जोडून विकतात त्यातलं बरंचसं घरी करता येतं आणि उरलेलं लागतच नाही. सेंटरला काम फार सरस होतं म्हणून हे म्हणत नाही. तिथे पैसे मोजायचे ते कंपनीच्या सिस्टिममध्ये पडणाऱ्या नोंदीचे. उद्या एसी कॉम्प्रेसर किंवा स्टिअरिंग गेलं तर आधी तीच नोंद उघडून बघतात.

पहिल्या वर्षी घरी ऑइल बदलणं तर हिशोबातही बसत नाही. मारुतीच्या पेट्रोल गाड्यांना १,०००, ५,००० आणि १०,००० किलोमीटरच्या, म्हणजेच एक, सहा आणि बारा महिन्यांच्या सर्व्हिसला लेबर फुकट असतं. ऑइल, फिल्टर आणि वॉशरचे तेवढे पैसे पडतात. बाकी कंपन्यांचंही थोड्याफार फरकाने असंच आहे. किलोमीटर किंवा महिने, जे आधी भरेल ते धरायचं. ज्यांची गाडी कमी चालते त्यांची नेमकी महिन्यांची अट हुकते आणि क्लेमच्या वेळी तेच बोट दाखवायला पुरतं.

कायद्याच्या बाजूने ग्राहक अगदीच मोकळ्या हाताने नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात म्हटलं होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी. पण प्रकरण पुढे अपिलात गेलं, आणि काउंटरवरचा माणूस आदेश वाचून निर्णय देत नाही. हक्क असणं आणि गाडी न अडकता तो पदरात पडणं यात महिन्यांचं अंतर पडू शकतं. म्हणून ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड आणि वायरिंग या चार गोष्टींना वॉरंटीत हात लावू नये असं ठाम मत आहे. ऑइल बाहेर बदलावंच लागलं तर ग्रेड मॅन्युअलमधलीच हवी, फिल्टर ओरिजिनल हवा, आणि जीएसटी बिलावर गाडीचा नंबर आणि किलोमीटर लिहून घ्या.

सर्व्हिस झाल्यावर गाडी ताब्यात घेताना तिथेच डिपस्टिक, म्हणजे इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, बघा. सपाट जागा, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं, स्टिक पुसून पुन्हा बुडवायची. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. वरच्या खुणेच्या पुढे असेल तर काढायला लावा. पिंपातून पाइपने भरताना ऑइल जास्त जाणं ही नेहमीची चूक आहे. पातळी फारच चढली तर क्रँक (इंजिनच्या तळाशी फिरणारा दांडा) ते घुसळतो, फेस होतो, आणि व्हेंटिलेशनच्या नळीतून ऑइल इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवा घेणाऱ्या मार्गात, खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी उभ्या गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा. थेंब पडला तर दोनच जागा आधी बघायच्या: ड्रेन बोल्टचा (ऑइल काढायचा खालचा बोल्ट) जुनाच वॉशर परत वापरलाय का, आणि जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटलेली असताना त्यावरच नवा फिल्टर चढवलाय का.

यापेक्षा जास्त त्रास चाकांच्या नटांचा होतो. एअर गनने ते इतके आवळले जातात की रस्त्यात पंक्चर झाल्यावर गाडीसोबतच्या पान्याने हलत नाहीत. असमान आवळले तर डिस्कवर ताण येतो आणि पुढे ब्रेक मारताना पेडल थरथरतं. घरी आल्यावर चाक जमिनीवरच ठेवून एकेक नट थोडा सैल करायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळता येणारा पाना), समोरासमोरच्या क्रमाने आवळायचा. एकावेळी एकच नट सैल करा. नटांना ग्रीस लावू नका, त्याने त्याच टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) स्टडवर, म्हणजे नट ज्यावर बसतो त्या आट्यांच्या दांड्यावर, जास्त ताण येतो. घरात एकच महागडं हत्यार घ्यायचं असेल तर टॉर्क रेंच घ्या.

घरच्या कामांत सगळ्यात जास्त पैसे वाचतात ते एसीच्या केबिन फिल्टरवर. बऱ्याच हॅचबॅकमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबून तो खाली झुकवायचा, झाकणाच्या कडा दाबून फिल्टर ओढायचा. दहा मिनिटांचं काम. नवा बसवताना बाण हवेच्या दिशेने हवा. ब्लोअरच्या तोंडाशी पानं आणि उंदराच्या लेंड्या सापडतात, त्या व्हॅक्यूमने काढा. उंदराने कुरतडलेली वायर वॉरंटीत बसत नाही, म्हणून बॉनेट आठवड्यातून एकदा तरी उघडून बघा.

इंजिनचा एअर फिल्टर कागदी असतो, तो धुवायचा नाही. हळूच आपटून घ्यायचा, हवा मारायची तर स्वच्छ बाजूकडून धुळीच्या बाजूला आणि कमी दाबाने. उलट मारली तर धूळ कागदात रुतते. बसवताना रबरी कडा एका जागी जरी दुमडली तरी धूळ तिथून थेट आत जाते, तेव्हा बोट फिरवून खात्री करा. वायपरची रबरं मे अखेरीला बदलावीत. टायरची हवा सकाळी गार टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे. बॅटरी आणि टायर यांची वॉरंटी बहुधा त्या त्या कंपनीची वेगळी असते, ती कार्डं जपून ठेवा.

इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजेक्टर क्लीनर, एसी डिसइन्फेक्शन, इंजिन ड्रेसिंग: यातलं काहीही वेळापत्रकात नसेल तर नाही म्हणा. नाही म्हटल्याने वॉरंटी जात नाही. एस्टिमेट बघून नको त्या ओळी सहीच्या आधी खोडून घ्या. बाहेरचा हॉर्न किंवा एलईडी मात्र खरोखर धोक्याचे. वायर कापून जोड दिलेला दिसला की त्या सर्किटचा क्लेम गेलाच म्हणून समजा.

जॉबकार्डवरची (गाडी देताना सेंटर कामांची नोंद करतं तो कागद) तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्या. ‘सस्पेन्शन चेक’ लिहून उपयोग नाही. ‘सकाळी गार गाडीत, स्पीड ब्रेकर उतरताना पुढून डावीकडून टकटक’ असं लिहिलं तर टेक्निशियनला शोधता येतं आणि तारखेसकट नोंद राहते. ‘दोष आढळला नाही’ म्हणून गाडी परत आली तरी ते कार्ड ठेवा, कारण दोष वॉरंटीतच सुरू झाल्याचा तोच पुरावा. टाळाटाळ झाली तर कंपनीला ईमेल करा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी एकदा लिफ्टवर गाडी चढवून स्वतः खाली उभं राहून बघा: शॉकअबसॉर्बरवर ऑइलचा ओला पट्टा, ड्राइव्ह शाफ्टच्या (चाक फिरवणारा दांडा) फाटलेल्या बूटातून, म्हणजे रबरी आवरणातून, उडालेलं ग्रीस, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरचा ओलावा. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून आवाज ऐका. सापडेल ते सगळं त्याच दिवशी जॉबकार्डवर चढवा. पार्ट यायला वेळ लागला आणि तोवर वॉरंटी संपली तरी तक्रारीची तारीख आतली असते.