‘रिमेन इन लाइट’: हुलकावणी देणारी सम

टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या बँडचा ‘रिमेन इन लाइट’ हा १९८० सालचा अल्बम मी पहिल्यांदा ऐकला तो दादाने पणजीहून भरून आणलेल्या साठ मिनिटांच्या कॅसेटवर. दुकानदाराने आठही गाणी सलग भरली होती. त्यामुळे ‘लिसनिंग विंड’ सुरू होऊन मिनिटभर होते न होते तोच पहिली बाजू संपायची आणि कॅसेट उलटून लावली की तेच गाणे मधूनच कुठून तरी उगवायचे. गेल्या महिन्यात बेळगावच्या वडगावातील घरी ते सीडीवर अखंड ऐकले, तेव्हाही त्या जागी माझा हात नकळत यंत्राकडे गेला. चार चेहऱ्यांवर लाल रंग फासलेले मुखपृष्ठही यंदाच पाहिले. कॅसेटवर दादाच्या निळ्या शाईतील नावाखेरीज काही नव्हते.

त्या काळी हा अल्बम मला अडकल्यासारखा वाटे. बहुतेक गाणी एकाच स्वरसंगतीवर (कॉर्डवर) उभी आहेत, आणि ती बदलली की गाणे पुढे सरकले असे मानण्याची सवय कानाला लागलेली असते. नायजेरियाच्या फेला कुटीच्या संगीताने भारावलेल्या या मंडळींनी निर्माता ब्रायन ईनो याच्यासह बहामातील नासाऊ येथे आधी नुसते वाजवत राहून छोटे छोटे तुकडे शोधले, तेच पुन्हा पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केले आणि मग मिश्रण करताना कोणता तुकडा केव्हा उघडायचा व केव्हा मिटायचा एवढ्यावरच गाण्याचा आकार ठरवला. वडगावात राहणाऱ्याला हे समजणे खरे तर अवघड जाऊ नये. शेजारच्या दोन घरांतील यंत्रमाग एकाच वेळी चालू असले की दोघांचे खटके आधी वेगवेगळे पडतात, हळूहळू जवळ येतात, क्षणभर एकत्र पडतात आणि पुन्हा सुटतात. ‘द ग्रेट कर्व्ह’मध्ये एकावर एक चढत जाणारे गायकांचे थर ऐकताना मला तेच आठवत होते. त्या थरांना फाडत पाहुणा वादक एड्रियन बेल्यूची गिटार येते तेव्हा मात्र मागाची उपमा अपुरी पडते.

‘वन्स इन अ लाइफटाइम’ या सर्वांत प्रसिद्ध गाण्याची गंमत समेत, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेत आहे. ईनोने या लयीची पहिली मात्रा बँडपेक्षा वेगळ्या ठिकाणी मोजली आणि ती तफावत सुधारण्याऐवजी गाण्यात राहू दिली. बँडची बेसवादक टीना वेमथ हिच्या बेसवर बोटाने ताल धरून बसलो तर कडव्यात पक्की सापडलेली सम ध्रुपदाशी येताच निसटते, आणि चूक आपली की त्यांची हे कळत नाही. बँडचा गायक डेव्हिड बर्न याने या गाण्यातील बोलण्याची ढब अमेरिकी रेडिओवरील धर्मोपदेशकांकडून घेतली आहे. कीर्तनकार निरूपण करता करता आवाज चढवून श्रोत्यालाच प्रश्न विचारतात, तसे हे आहे. फरक इतकाच की इथे उत्तराचा अभंग येत नाही.

माझ्यापुरता खरा शोध ‘हाउसेस इन मोशन’मध्ये लागला. त्यातील ट्रम्पेट जॉन हॅसेलचा आहे, आणि हॅसेल हा किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचा शिष्य. सवाई गंधर्व, गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे जे घराणे आपण हुबळी-धारवाडच्या अंगणातले समजतो, त्याची मींड एका अमेरिकी रॉक अल्बममध्ये पितळी वाद्यातून येते, हे कॅसेट घासून घासून ऐकतानाही मला कधी उमगले नव्हते. ट्रम्पेट एका सुरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाते आणि मधल्या जागा दाखवते. ते काही क्षणच टिकते, म्हणून मी ते गाणे लागोपाठ तीनदा लावले.

अल्बमचा शेवट पूर्वीही आवडला नव्हता, आताही आवडला नाही. ‘सीन अँड नॉट सीन’ हे संथ गद्य निवेदन एकदा ऐकायला ठीक आहे, आणि सहा मिनिटांचे ‘द ओव्हरलोड’ हे जड घरघरीवर नुसते रेंगाळते. मधले ‘लिसनिंग विंड’ मात्र अखंड ऐकल्यावर निराळेच निघाले. आपल्या गावात वाढत चाललेल्या अमेरिकनांना पाहणारा, गाण्यातला मोजिक त्यांच्याकडे स्फोटक धाडतो. बर्न त्याची बाजू घेत नाही आणि त्याला दोषही देत नाही, फक्त वारा त्याच्याशी काय बोलतो ते हलक्या आवाजात गातो. कॅसेट उलटण्यात ही गोष्टच तुटत होती.

पुनर्प्रकाशित सीडीवर चार अपुऱ्या रचना जोडल्या आहेत. त्यांतील ‘राइट स्टार्ट’ हे ‘वन्स इन अ लाइफटाइम’चे कच्चे रूप कुतूहलापोटी ऐकावे, बाकीच्या तीन एकदा ऐकून पुढे सोडून दिल्या तरी चालतील. आवाज कॅसेटपेक्षा अर्थातच स्वच्छ आहे. हा अल्बम मोबाइलच्या छोट्या स्पीकरवर मात्र ऐकू नये, कारण तिथे वेमथचा बेस जवळजवळ नाहीसा होतो, आणि बेस गेला की सम शोधायची सोयच उरत नाही. मी दुपारी माग बंद असताना, जेवणाच्या सुट्टीत ऐकतो.